फियाट बरी होती, पण नेमकी कशात?

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे निवृत्त झाली. ताडदेवच्या आरटीओत २००३ साली नोंदलेली शेवटची काळी-पिवळी वीस वर्षांची मर्यादा संपवून बाद झाली, आणि मग कितीतरी दिवस वर्तमानपत्रांतून, व्हॉट्सॲपवरून, लग्नाच्या पंगतीतून एकच सूर कानावर येत राहिला. काय गाडी होती राव! आताच्या गाड्या म्हणजे नुसता पत्रा, बोटाने दाबला तरी आत जातो. ह्या सुरातलं निम्मं खरं आहे आणि निम्मं साफ खोटं. गंमत अशी की लोक छातीठोकपणे सांगतात ते खोट्यातलं, आणि जे खरं आहे त्याचं नाव फारसं कुणी काढत नाही.

तुलना करायची तर जोडी नीट लावायला हवी. पद्मिनीसमोर मी आजची ऑल्टो के-१० उभी करतो, आणि अधूनमधून वॅगन-आर, कारण मुंबईच्या टॅक्सी स्टँडवर पद्मिनीची रिकामी जागा ज्या गाड्यांनी भरली त्यांत ती ठळक आहे. पद्मिनी कुठे छोटी, ती तर सहा माणसांची गाडी, असा आक्षेप येईल. पण २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची जी सरकारी व्याख्या झाली ती चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत अशी होती. पद्मिनीची लांबी सुमारे ३.९ मीटर, इंजिन १०८९ सीसीचं. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला, त्या रकान्यातही ती आरामात बसली असती. तेव्हा कागदोपत्री दोघी एकाच गटातल्या.

आधी वय पाहू. पद्मिनी सत्तरच्या दशकातली गाडी, असं आपण धरून चालतो. ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचं तिचं इंजिन फियाटने १९३७ साली आपल्या ५०८-सी गाडीत बसवलं होतं. बॉडीचं मूळ १९५३ च्या ११००-१०३ मध्ये. दोन्हींच्या मागे दान्ते जाकोसा हा फियाटचा थोर इंजिनिअर. इकडे सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डीसोटो जोडल्या जाऊ लागल्या आणि पन्नासच्या दशकात फियाट आली. त्या गोलमटोल पहिल्या ११००ला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हटलं. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, बिजागऱ्या मागच्या अंगाला. मग १९६४ साली ११००-डी 'डिलाइट' नावाने आली, १९७२ मध्ये तिचं 'प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. कागदावर नावं बदलत गेली, गाडी तीच राहिली, आणि लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. इटलीत ११००-डी १९६६ मध्ये बंद झाली. कुर्ल्यात ती २००० च्या आसपासपर्यंत निघत होती.

म्हणजे नव्वद साली शोरूममधून नवीकोरी पद्मिनी घेणारा माणूस दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं इंजिन विकत घेत होता. ह्याला गाडीचा टिकाऊपणा म्हणायचा की गिऱ्हाइकाची कोंडी? मला तरी कोंडीच वाटते. परवाना राजमध्ये गाड्या बनवणारे मोजून तीन. कलकत्त्याची अँबॅसिडर, मुंबईची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. १९८० च्या सुमारास सगळ्या देशात मिळून वर्षाला तीस-चाळीस हजार गाड्या बनत. अनामत भरायची, नंबर लागायची वाट बघायची, आणि नंबर लागला की गाडीत काय आहे नि काय नाही हे न विचारता मुकाट्याने घेऊन यायची. स्पर्धाच नाही तर मॉडेल बदलायचं कुणासाठी? किंमतही काही छोट्या माणसाची नव्हती. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना फियाट घेतली तेव्हा ती बारा हजारांची होती, आणि त्यांनी पंजाब नॅशनल बँकेतून पाच हजारांचं कर्ज काढलं. त्यांच्या मृत्यूनंतर ते कर्ज ललितादेवींनी पेन्शनमधून फेडलं. ही गोष्ट शास्त्रींच्या साधेपणाची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. पण त्या काळच्या गाडीच्या किमतीचीही आहे.

आता फूटपट्टी आणि तराजू. लोकांची समजूत अशी की जुनी गाडी जाड पत्र्याची आणि जड, नवी हलकी आणि म्हणून तकलादू. वजनाचा अर्धा भाग बरोबर आहे. पद्मिनी नऊशे किलोच्या जरा आत, ऑल्टो साडेसातशेच्या आसपास, आणि उंच, ऐसपैस वॅगन-आरसुद्धा पद्मिनीपेक्षा हलकी. हे जगाच्या उलट आहे, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. युरोपात छोटी गाडी दर पिढीला फुगत गेली. १९५७ ची फियाट ५०० तीन मीटरहूनही किंचित आखूड आणि पाचशे किलोच्या आसपास होती; २००७ मध्ये तेच नाव घेऊन आलेली गाडी साडेतीन मीटरची आणि नऊशे किलोंच्या घरातली. १९५९ ची मूळ मिनी जेमतेम दहा फुटांची. आजची मिनी तिच्या शेजारी उभी केली तर मोठी बहीणसुद्धा वाटत नाही, आत्या वाटते. आपल्याकडे पेट्रोलचा भाव आणि गिऱ्हाइकाचा खिसा ह्यांनी गाडीला लठ्ठ होऊ दिलं नाही. (जाता जाता: २०२३ मध्ये भारतात आलेली एमजीची विजेवरची कॉमेट २.९७ मीटर लांब आहे. जाकोसांनी १९५७ साली जिथे रेघ मारली होती, जवळजवळ तिथेच.)

ऑल्टो पद्मिनीपेक्षा तब्बल चाळीस सेंटिमीटर आखूड आहे, पण तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर पद्मिनीपेक्षा चार सेंटिमीटर जास्त आहे. हा चमत्कार इंजिन आडवं ठेवल्याचा. पद्मिनीत इंजिन उभं, त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांना. म्हणजे पुढे लांब नाक, आणि आत माणसांच्या पायांमध्ये शाफ्टचा उंचवटा. मागच्या सीटवर मधे बसलेल्याला दोन्ही पाय एकाच बाजूला घ्यावे लागत, हे ज्याने गिरगाव ते बोरिवली प्रवास केला त्याला आठवत असेल. ॲलेक इसिगोनिस ह्यांनी मूळ मिनीत इंजिन आडवं टाकून पुढच्याच चाकांना ताकद दिली, चाकं चार कोपऱ्यांत नेली आणि छोट्या गाडीचा नकाशाच बदलून टाकला. आज रस्त्यावरची जवळपास प्रत्येक छोटी गाडी त्याच नकाशावर आहे. आपल्याकडे सर्वसामान्यांपर्यंत तो पोचला १४ डिसेंबर १९८३ रोजी, इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात दिली तेव्हा.

त्या मारुती ८००चं महत्त्व ह्या हिशेबात मोठं आहे, कारण पद्मिनीला हरवलं ते ऑल्टोने नव्हे, तिने. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पद्मिनीपेक्षा तीनशे सीसी कमी, ताकद मात्र जवळपास तेवढीच आणि वजन अडीचशे किलोंच्या आसपास कमी. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. बारा इंची चाकं बघून लोक हसले, खेळणं म्हणाले. पण सकाळी किल्ली फिरवली की गाडी चालू होत होती, रोज, पावसाळ्यातसुद्धा. पद्मिनीच्या घरात हा रोजचा सोहळा असायचा: चोक ओढा, दोनदा ॲक्सिलरेटर दाबा, किल्ली फिरवा, इंजिन खोकलं की चोक थोडा आत, नाहीतर ओव्हरफ्लो; आणि ओव्हरफ्लो झाला की बॉनेट उघडून वाट बघा किंवा वॉचमनला हाक मारून धक्का. सुरुवातीला साधारण साडेसत्तेचाळीस हजारांना मिळालेली ती ८०० जानेवारी २०१४ पर्यंत निघत राहिली. प्रीमियरने १९८५ मध्ये निस्सानचं इंजिन घालून ११८-एनई आणली तेव्हा दार बंद होत आलं होतं.

ताकदीचा हिशेब आता सोपा आहे. पद्मिनीला चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर, ऑल्टोला सदुसष्ट. एका टनामागे धरलं तर दुपटीचा फरक. लिटरमागे पद्मिनी शहरात दहा-बारा किलोमीटर द्यायची, तीही कार्ब्युरेटर नीट लावलेला असला तर. ऑल्टोचा कागदावरचा आकडा चोवीसच्या पुढे आहे आणि प्रत्यक्षात अठरा-वीस सहज पडतात. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून उभ्या असलेल्या फियाटची रांग हे एके काळी मे महिन्यातलं नेहमीचं दृश्य होतं. इंजिनच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला ती ओढता यायची नाही. टाकीतच बसवलेल्या विजेच्या पंपाने आणि इंजेक्शनने तो आजारच संपवला. आज घाटात गाडी तापून बंद पडली तर लोक मागे वळून बघतात.

इथवर निकाल एकतर्फी आहे, आणि त्यावर फार वाद नाही. वाद आहे तो दणकटपणाचा. तिथे जरा थांबू.

'फियाटला ठोकली तर समोरच्याचं नुकसान' ह्या वाक्यात एक निरीक्षण दडलेलं आहे आणि ते खरं आहे. पार्किंगमध्ये, सिग्नलला, रिक्षाने बाजू घासली तर पद्मिनीच्या लोखंडी बंपरला ओरखडा पडायचा आणि गोष्ट तिथेच मिटायची. आजच्या प्लास्टिकच्या बंपरला तेवढ्यात तडा जातो, क्लिपा तुटतात, आणि रंगाचं बिल हजारांत जातं. पण हा झाला ताशी दहा किलोमीटरचा अनुभव. त्यावरून माणूस साठच्या वेगाचा अंदाज बांधतो, आणि तिथे फसतो.

अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २००९ साली आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू समोरासमोर, अर्धवट बाजूने, प्रत्येकी ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने एकमेकींवर घातल्या. बेल एअर म्हणजे पद्मिनीच्या डबल वजनाची, लोखंडाचा पहाड. टक्कर होताच तिची केबिन चुरगाळली, स्टिअरिंग चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आलं. त्या जागी माणूस असता तर तो वाचला नसता. मालिबूच्या चालकाच्या पायाला दुखापत झाली असती, एवढंच. छोट्या गाड्यांचंही असंच. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या थॅचम संस्थेने १९९७ ची रोव्हर १०० आणि नवी होंडा जॅझ ह्यांची त्याच वेगाने चाचणी घेतली. रोव्हरमध्ये चालकाला जागाच उरली नाही, जॅझची केबिन शाबूत. मधे फक्त वीस वर्षं होती. पद्मिनी तर रोव्हरच्याही कितीतरी आधीची.

कारण साधं आहे. टक्करीची शक्ती कुठेतरी जावी लागते. नव्या गाडीचं नाक ठरवून चुरगाळतं आणि ती शक्ती खाऊन टाकतं. माणसं बसतात तो पिंजरा वेगळ्या, जास्त ताकदीच्या पोलादाचा असतो. बोटाने दबतो तो वरचा पत्रा ह्या हिशेबात कुठेच नाही, तो फक्त अंगरखा. जुन्या गाडीत नाक कमी चुरगाळतं, म्हणून ती 'वाचते', आणि उरलेली शक्ती आतल्या माणसांत जाते. त्यात पद्मिनीचा स्टिअरिंगचा दांडा दुमडणारा नाही, डॅशबोर्ड लोखंडाचा, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि पुढच्या सलग बाकावर मधे बसलेल्या मुलाला धरून ठेवायला आईचा हात.

आणखी एक गैरसमज. फियाट चासीवर बांधलेली होती, असं जुने जाणते ठासून सांगतात. नव्हती. ११००-१०३ पासूनच ही मोनोकॉक गाडी आहे, म्हणजे तळ, खांब आणि छप्पर हाच तिचा सांगाडा. जड लोखंडी चासी ही तिच्याबद्दलची दंतकथा. ह्याचा परिणाम मुंबईच्या खाऱ्या हवेत फार वाईट झाला. दारांखालचा पत्रा आणि पायांखालची जमीन गंजली की सांगाडाच गंजला. जुन्या टॅक्सीत पायपुसणं उचललं की खाली रस्ता दिसायचा, ही अतिशयोक्ती नाही, कित्येकांनी पाहिलेलं आहे. अशा गाडीला दणकट म्हणणं म्हणजे भाबडेपणा झाला.

नव्यांनाही ह्यात फुकटची पदवी द्यायला नको. जानेवारी २०१४ मध्ये टक्कर-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या, त्यांत ऑल्टो ८०० आणि टाटा नॅनो, भिंतीवर घातल्या तेव्हा पाचही जणींना शून्य तारे मिळाले. एअरबॅग नसलेली सगळ्यांत स्वस्त मॉडेलं होती ती, पण लोक तीच घेत होते. त्यानंतर कायदा जागा झाला: टक्कर चाचणीचे नियम, २०१९ पासून एबीएस आणि चालकाची एअरबॅग, मग शेजारच्याची. तरीही २०२३ च्या चाचणीत ऑल्टो के-१० ला मोठ्यांसाठी दोन आणि मुलांसाठी शून्य तारे, वॅगन-आरला मोठ्यांसाठी एकच. २०२५ मध्ये दोन्हींत सहा एअरबॅगा आल्या, हे चांगलंच. पण एअरबॅगा वाढवल्याने मूळचा सांगाडा बदलत नाही. ह्याच देशात टाटा पंच पाच तारे मिळवते, म्हणजे करता येतं. पद्मिनीपेक्षा ऑल्टो सुरक्षित आहे ह्यात शंका नाही, पण ही पैज फारच खालच्या पट्टीवरची आहे.

बसण्याच्या बाबतीत मी पद्मिनीच्या बाजूचा. सीट खुर्चीसारखी उंच आणि सरळ, दरवाजा मोठा, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजीला आत बसायला कुणाचा हात लागत नसे. (वॅगन-आर खपते त्याचं एक मोठं कारण हेच, ती गुण चोरते तो पद्मिनीचा.) खांब बारीक, काचा मोठ्या आणि उभट, बॉनेटची कड बसल्या जागेवरून दिसणारी. गाडीचे चारही कोपरे कुठे संपतात ते डोळ्यांना कळत होतं, आणि म्हणूनच भुलेश्वरच्या गल्लीतून टॅक्सीवाला दोन बोटांच्या अंतराने गाडी काढायचा. आज पुढचे खांब जाडजूड झाले, काचांची खालची कड वर सरकली, आणि गेलेली नजर भरून काढायला मागे कॅमेरा आला. खांब जाड झाले ते छप्पर आणि पिंजरा टिकावा म्हणून, म्हणजे वर सांगितलेल्या सुरक्षेचीच ही किंमत. तरी वळणावर खांबाआड दुचाकी अख्खी लपते तेव्हा ती किंमत जाणवते. तीच गोष्ट पुढच्या त्रिकोणी काचेची. ती फिरवली की वारा थेट छातीवर यायचा. एसीपुढे ती कुठेच नाही, पण एसी बंद ठेवून ऑल्टोत दुपारी बसून बघा.

स्टिअरिंगवरचा गिअर मात्र कुणी कितीही गोडवे गायले तरी गैरसोयीचाच होता. जोडदांड्यांमध्ये खेळ आला की दुसरा टाकायला जावं आणि चौथा पडावा. त्याचा एकमेव फायदा म्हणजे पुढे तिसरा माणूस बसत असे, आणि टॅक्सीच्या धंद्यात तो फायदा रोख होता.

आता ज्याचं नाव फारसं कुणी काढत नाही ते. पद्मिनी कोणालाही उघडता येत होती.

हे नीट बघू. गाडी मधेच फटफट करायला लागली तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक डिस्ट्रिब्यूटरच्या दोन क्लिपा अंगठ्याने उडवून झाकण काढायचा. आत पॉइंट. त्यांच्या तोंडाला खड्डा पडलेला दिसला तर पॉलिश पेपरचा तुकडा मधे घालून चार हात मारायचे, स्क्रू ढिला करून गॅप लावायचा, झाकण बंद. मग प्लग काढून ब्रशने साफ, त्यांचा गॅप फिलर गेज नसेल तर हॅक्सॉ ब्लेडने. काजळी काळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरट असेल तर कमी. तेवढ्यावरून कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव आटा इकडे की तिकडे ते ठरायचं. सगळा उद्योग पाऊण तासाचा, हत्यारं एका कापडी पिशवीत मावणारी. यंत्राला काय झालंय ते यंत्रच डोळ्यांना, नाकाला, कानाला सांगत होतं. मालक शेजारी उभा राहून बघत होता आणि पुढच्या वेळी स्वतः करत होता.

ह्या साध्या यंत्राभोवती एक मोठी पेठ उभी राहिली. मुंबईत ऑपेरा हाऊसची सुट्या भागांची दुकानं, कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार. पुण्यात नाना पेठ. कंपनीचा भाग मिळाला नाही तर लोकल, लोकल नसेल तर जुन्या गाडीतून काढलेला, तोही नसेल तर लेथवाल्याकडून करून घेतलेला. इंजिन तेल प्यायला लागलं की बोअर करून, ओव्हरसाइझ पिस्टन टाकून पुन्हा उभं. पुढे सीएनजीचा हुकूम आला तेव्हा ह्याच मंडळींनी १९३७ च्या इंजिनाला गॅसची नळी जोडली, सिलिंडर डिकीत टाकला, सामान टपावरच्या कॅरिअरवर गेलं. जाकोसांनी हे स्वप्नातही पाहिलं नसेल. पद्मिनी वीस-वीस वर्षं टॅक्सी म्हणून चालली ती कंपनीमुळे नव्हे; कंपनीने ती बनवणं बंद केल्यावरही ती दोन दशकं धावली. तिला चालवलं गल्लीने.

ह्यातही एक मेख आहेच. पद्मिनी सहज दुरुस्त व्हायची, कारण तिला सारखं दुरुस्त व्हावं लागायचं. दर दोन-तीन हजार किलोमीटरला ऑइल, ग्रीसिंग, पॉइंट, टॅपेट. किंगपिनचा खेळ काढणं वेगळंच. ऑल्टोला वर्षातून एकदा किंवा दहा हजार किलोमीटरला वर्कशॉप दाखवलं की भागतं. ज्या टॅक्सीवाल्याने दोन्ही चालवल्या तो तुम्हाला सांगेल की गॅरेजमध्ये गेलेला दिवस म्हणजे बुडालेली कमाई. त्याने वॅगन-आर घेतली ती हौसेने नव्हे.

पण नवी गाडी बिघडते तेव्हा कशी बिघडते? क्रँकचा सेन्सर गेला की काही न सांगता जागच्या जागी बंद. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा. स्कॅनर लावल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. वास नाही, आवाज नाही, काजळी नाही. मला एका वर्कशॉपमध्ये एका कुरतडलेल्या वायरीसाठी अख्खी हार्नेस बदलायचं एस्टिमेट हातात मिळालं होतं. शेवटी एका रिवाइंडिंगवाल्याने ती वायर सोल्डर करून, टेप गुंडाळून दिली, आणि गाडी चालू आहे. भाग दुरुस्त करायचा नाही, जोडच्या जोड बदलायचा, ही नव्या धंद्याची रीत आहे, आणि त्यात यंत्राचा नाइलाज कमी, हिशेब जास्त. गल्ली अर्थात हरलेली नाही. नाना पेठेतल्या पोरांकडे आता मोबाइलला जोडायचे स्कॅनर आहेत, ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, उघडून आतली पट्टी दुरुस्त करणारेही तयार झालेत. मात्र चिपची किल्ली, कंपनीचं सॉफ्टवेअर, कुलूपबंद कोड ह्यांच्यापुढे त्यांचे हात बांधलेले राहतात. ऑल्टो वीस वर्षांनी चालेल की नाही हे तिच्या पिस्टनवर नव्हे, तेव्हा तिचा ईसीयू कुठे मिळेल ह्यावर ठरेल. पद्मिनीत जे होतं आणि आज गेलंय ते हे: गाडीचं आयुष्य ठरवण्याचा अधिकार मालकाकडे आणि त्याच्या मेकॅनिककडे होता.

धुराबद्दल थोडक्यात, कारण तिथे बोलण्यासारखं फार नाही. पद्मिनीने आयुष्यातला बहुतेक काळ शिशाचं पेट्रोल जाळलं. देशभर ते फेब्रुवारी २००० मध्ये बंद झालं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजेक्शनशिवाय पुढचे नियम पाळणं तिला जमणारं नव्हतं, आणि उत्पादन थांबण्यामागे हेही एक कारण. २०२० पासूनच्या बीएस-६ च्या छोट्या गाडीशी तिची तुलनाच नको. ज्यांना जुन्या टॅक्सीच्या मागे स्कूटरवर उभं राहावं लागलं त्यांना हे सांगायला यंत्र लागत नाही. उलट आता नवं पेट्रोल जुनीला त्रास देतंय. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि सील खातं, आणि इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने कार्ब्युरेटरचं मिश्रण आधीपेक्षा पातळ पडतं. ज्यांच्या घरी फियाट आहे त्यांनी नळ्या बदलून घ्याव्यात, वेळ लावू नये.

घरी फियाट असलेल्यांची संख्या अजून बरीच आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार शुल्क. म्हणजे १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता त्या दारात पोचल्या आहेत. मात्र ह्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं एवढ्यापुरतीच. म्हणून पुष्कळ मालक तो नंबर घेत नाहीत आणि फिटनेस करून, नोंदणी वाढवत जुन्याच नंबरावर गाडी ठेवतात. घ्यायची असेल तर रंग आणि क्रोम बघून भुलू नका. आधी गाडी लिफ्टवर चढवून दारांखालचा आणि जमिनीचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, इंजिन आणि बॉडीचे नंबर आरसीशी ताडून घ्या, मगच किमतीचं बोला. इंजिन कुठेही होतं, पत्रा होत नाही.

आणि रस्त्यावर काढायच्या गाडीत ही शौकीन मंडळी काय काय बदलतात तेही बघण्यासारखं आहे. डायनामो काढून अल्टरनेटर येतो, पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन येतं, मिणमिणते दिवे जातात, विजेचा पेट्रोल पंप बसतो. काहीजण पुढे डिस्क ब्रेक करून घेतात, समंजस असतील ते सीटबेल्ट लावतात. बाक आणि त्रिकोणी काच ह्यांना मात्र कुणी हात लावू देत नाही. स्टिअरिंगवरचा गिअरसुद्धा ते तसाच ठेवतात, दुसऱ्याऐवजी चौथा पडत असला तरी.